परलोकातली ओळखपरेड

आत्म्याला रूप नाही, रंग नाही, आकार नाही, हे कीर्तनात ऐकताना आपण मान डोलावतो. पण घरी येताना मनात शंका येतेच. मग वर गेल्यावर आपली माणसं ओळखायची कशी? सगळेच निराकार म्हटल्यावर आजोबा समजून भलत्याच आत्म्याच्या पाया पडायचो!

फ्रान्समधल्या एका मास्तरांना ही अडचण बरोबर कळली होती. नाव रिव्हाय, व्याकरणाची नि गणिताची पुस्तकं लिहिणारे सरळमार्गी गृहस्थ. एप्रिल १८५७ मध्ये, आपल्याकडे मीरतला भडका उडायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, त्यांनी पॅरिसमध्ये ‘ॲलन कार्डेक’ या नावानं आत्म्यांविषयीचं पुस्तक काढलं. तेही प्रश्नोत्तररूपात. प्रश्न मास्तरांचे, उत्तरं परलोकातून आलेली!

त्यात आत्मा आणि देह यांना जोडणारं एक तिसरंच प्रकरण आहे. त्याचं नाव पेरिस्पिरिट. ना पुरतं जड, ना पुरतं सूक्ष्म. बीमधल्या कोंबाभोवती गर असावा तसं आत्म्याभोवतीचं वेष्टन. मेल्यावर देह इथं राहतो, वेष्टन बरोबर जातं, आणि शेवटच्या जन्मातला चेहरामोहरा त्यावर कायम असतो. एका लोकातून दुसऱ्या लोकात जाताना मात्र ते कपड्यांसारखं बदलावं लागतं. हवापालट म्हटली की स्वेटर आलाच.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आपलं लिंगशरीर आहेच की! आहे ना. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी, असा वेदान्त्यांचा सतरा नगांचा हिशेब आहे. पण त्याचं काम संस्कारांचं गाठोडं पुढच्या जन्मी पोचवण्याचं. आजोबांचा चेहरा त्या सतरांत कुठं बसत नाही.

अमेरिकेत डॉ. डंकन मॅकडूगल यांनी तर मरणोन्मुख रोग्यांना चक्क काट्यावर ठेवलं. १९०७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एकवीस ग्रॅमचा आकडा सहांपैकी एकाच रोग्याचा; बाकीच्यांचा मेळ बसेना, म्हणून शास्त्रज्ञांनी तो मानला नाही. खरा असता तर पंचाईतच होती. आपल्या टपालखात्यात वीस ग्रॅमच्या वर गेलं की जादा तिकीट लागतं.

पण खरी गंमत आहे ती एका तपकिरीच्या डबीत. कार्डेकच्या १८६१ च्या पुस्तकात एका आजारी बाईंना एक म्हातारे गृहस्थ दिसतात. देहानं नव्हे, नुसते छायारूपानं. पण हातात तपकिरीची डबी! आता डबीला कुठला आला आत्मा? हा प्रश्न खुद्द कार्डेकनाही पडला. आत्मा अशा वस्तू इच्छेच्या बळावर उभ्या करतो, असं उत्तर मिळालं.

हसू नका. आपल्याला अमर आत्मा हवाच असतो असं नाही. हवी असते ती डबी. तपकीर ओढून दणदणीत शिंकणारे आजोबा हवे असतात, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारी आजी हवी असते. ती शिंक ऐकू येणार नसेल तर परलोकात जाऊन करायचंय काय? आणि त्याच डबीवरून घरात रोज कटकट चालते. धोतराला डाग, गादीवर तपकीर! जी खूण तिथं शोधत हिंडायचं, तीच इथं आपण फेकून द्यायला निघतो. गादी हवी तर झटकावी. डबी मात्र राहू द्यावी.