पोटगी कधी संपते? (सिगालोवाद सुत्तावर चिंतन)



आज वाचनाला दीघनिकायातलं ३१ वं सुत्त घेतलं, सिगालोवाद. याला गृहस्थांचा विनय म्हणतात. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत होता, कारण बापाने मरताना तसं सांगितलं होतं. भगवंतांनी त्याला समजावलं की दिशा म्हणजे आपल्याभोवतीची माणसं. पूर्व दिशा म्हणजे आईबाप. लेकरांसाठी आईबापाची पाच कर्तव्यं त्यांनी सांगितली: वाईटापासून आवरायचं, चांगल्याला लावायचं, हुन्नर शिकवायचा, योग्य जोडीदार पाहून द्यायचा आणि वेळ आली की वारसा हाती द्यायचा.

हे सुत्त मी कितीदा तरी वाचलंय. या वेळी मात्र ते टोचलं.

माझी मुलगी तिच्या आईकडे वाढली. आमचं दोघांचं जमलं नाही, त्यात जास्त काही सांगण्यासारखं नाही. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे मी महिन्याला चार हजार रुपये पोटगी भरतो. नऊ वर्षांत एक महिना चुकला नाही आणि याचा मला अभिमान होता. पुढच्या महिन्यात पोरगी १८ वर्षांची होते. ती तारीख मी मोबाईलमध्ये लिहून ठेवली होती. वाढदिवस म्हणून नाही, शेवटचा हप्ता म्हणून. खोटं कशाला बोलू?

वकिलांना विचारलं. ते म्हणाले, ज्या कलम १२५ खाली हुकूम झाला (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे), ते लेकरू सज्ञान होईपर्यंतचं. पुढे फक्त अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे स्वतःचं भागवू न शकणाऱ्या लेकरासाठी. मी सुटल्यासारखा श्वास सोडला. तेव्हा ते म्हणाले, "थांबा. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल तर ती सज्ञान झाल्यावरही बापाकडे मागू शकते." सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हाच फरक स्पष्ट केलाय. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढेही असंच प्रकरण आलं होतं. मुलगी १८ ची झाली म्हणून बापाने तिचे पैसे थांबवले होते, ती शिकत होती, आणि आईला तिच्यासाठी भांडावं लागलं. न्यायालयाने आईचा अर्ज करण्याचा हक्क मान्य केला.

मी विचारलं, "आणि मुलगा असता तर?" ते हसले. "या कलमात सज्ञान मुलगा बसत नाही." तरी २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की मुलगा १८ चा झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार आईवर टाकता येत नाही, आणि तो पदवीधर होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत आईला महिना १५ हजार रुपये अंतरिम द्यायला लावले.

घरी आलो, पण मनात एकच गोष्ट घोळत राहिली. मी वकिलाला 'किती दिवस द्यावं लागेल' एवढंच विचारलं होतं. मुलगी सध्या काय शिकते, पुढे काय करणार, हे मलाच सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात पाहुणे आले, म्हणून त्यांना लेण्या दाखवायला घेऊन गेलो. आम्ही अजिंठ्याचेच, घाट उतरलं की लेण्या. पण आपल्या दारातली वस्तू आपण नीट बघत नाही. १७ नंबरच्या लेणीत, गाभाऱ्याच्या अलीकडे, ते चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेले भगवंत खूप मोठे काढलेत आणि दारात उभी असलेली आई न् लेकरू अगदी लहान, दोघंही मान वर करून बघतायत. यशोधरा आणि राहुल, असं मानतात. पाहुणे पुढे गेले, मी तिथेच उभा राहिलो.

विनयपिटकाच्या महावग्गात ही गोष्ट येते. भगवंत कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरेने राहुलला सांगितलं, ते तुझे वडील, जा, त्यांच्याकडे आपला वारसा माग. पोरगं मागेमागे चाललं आणि मागत राहिलं. त्याने मागितलेल्या गोष्टीला पाली शब्द आहे 'दायज्ज', म्हणजे वारसा, वाटा. आपला शब्द 'पोटगी'. त्यात फक्त पोट आहे. मी नऊ वर्षं पोट भरलं आणि वाटा दिला असं समजत होतो.

भगवंतांकडे ना घर होतं ना पैसा. त्यांनी राहुलला संघात घेतलं. शुद्धोदनाला याचं फार दुःख झालं. आईबापाला न विचारता कोणाच्या लेकराला प्रव्रज्या देऊ नये, असं तो म्हणाला, आणि भगवंतांनी तसा नियम केला. बापाच्या निर्णयाने दुसऱ्यांना जे सोसावं लागतं, ते ऐकून घेणंही या गोष्टीत आहे.

पुढचा भाग मला जास्त लागला. राहुल सात वर्षांचा असताना खोटं न बोलण्याचा उपदेश झाला. आणि महाराहुलोवाद सुत्त, ज्यात पृथ्वीसारखं मन करायला सांगितलंय, ते ऐकलं तेव्हा राहुल १८ वर्षांचा होता असं अट्ठकथा सांगते. अठराच! ज्या वयाला मी हात झटकायला निघालो, त्या वयात तिथे बाप शिकवतच होता.

आता कोणी म्हणेल, मग आयुष्यभर देत राहायचं का? नाही. पाच कर्तव्यांत तिसरं हुन्नर शिकवणं आहे, आणि हुन्नर शिकवतात ते लेकराला मागावं लागू नये म्हणून. पैसे देत राहून लेकराला बांधून ठेवणारे, स्वतःचा अपराध झाकणारे बापही मी पाहिलेत. देणं संपलंच पाहिजे. पण पाचव्या कर्तव्यात 'वेळ आली की' असं आहे, आणि ती वेळ कॅलेंडरवर नाही, लेकराच्या पायात बळ येण्यावर ठरते. मुलगा असो की मुलगी. आणि ती समोर बसून सांगायची असते. एक दिवस खात्यात पैसे आलेच नाहीत, असं लेकराला कळू नये.

काल मुलीला फोन केला. म्हणालो, "बाई, तू काय शिकायचं ठरवलं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही आज काहून विचारताय?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. तिला नर्सिंगला जायचंय. शिक्षण पूर्ण होऊन नोकरी लागेपर्यंत पैसे येतील, आणि मग थांबतील, हे मी तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. एवढंच. तिच्या त्या "काहून" ला उत्तर द्यायला मला आणखी पुष्कळ फोन करावे लागतील.

आजचा संकल्प: आपण कोणाला नेमाने काही देत असू, तर आज देण्याच्या आधी त्याची विचारपूस करू या.

साधु, साधु, साधु.