पडलेला पुढारी आणि आपली क्षमा

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर कर्नाटक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने १९७० च्या दशकात जी वसाहत उभारावयास घेतली, ती इलेक्ट्रॉनिक सिटी आज आपल्यालाही परकी राहिलेली नाही. अहिल्यानगर, जालना, कोल्हापूर येथील मंडळ्यांत वाढलेली मुले तेथे नोकरीसाठी जातात. मराठी उपासना त्यांना जवळपास मिळतेच असे नाही. मग कामावर जाता-येता कानाला लावून ऐकलेले प्रवचन हाच पुष्कळांचा आध्यात्मिक आहार होतो. अशा सुशिक्षित, शंका विचारणाऱ्या तरुणांचे एक आवडते वक्ते रवी झकरायस हे होते.

मद्रासला १९४६ साली जन्मलेले व दिल्लीत वाढलेले हे गृहस्थ पुढे कॅनडात व अमेरिकेत गेले. १९८४ साली त्यांनी स्वतःची सेवासंस्था स्थापन केली आणि ख्रिस्ती विश्वासाचे बुद्धिनिष्ठ समर्थन करणारे म्हणून जगभर नाव मिळवले. १९ मे २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांनी चौकशी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने, मालिश करणाऱ्या अनेक स्त्रियांशी त्यांनी वर्षानुवर्षे लैंगिक गैरवर्तन केल्याचे उघड केले. त्यांपैकी एकीने बलात्कार झाल्याचे सांगितले. तू तोंड उघडलेस तर लक्षावधी आत्मे तारणास मुकतील आणि तो दोष तुझ्या माथी येईल, अशी भीती आपल्याला घातली गेली, असेही तिने सांगितले. त्याआधी २०१७ साली एका कॅनेडियन स्त्रीने तक्रार केली, तेव्हा त्यांनी तिच्यावरच दावा लावला होता आणि संस्था त्यांच्याच पाठीशी उभी राहिली होती. अहवालानंतर संचालक मंडळाला आपली चूक जाहीरपणे मान्य करावी लागली.

अशा वेळी मंडळीत दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, न्याय करणारे आपण कोण? झाकून टाका, क्षमा करा. दुसरा म्हणतो, त्याची पुस्तके जाळा, ते सारेच ढोंग होते. वाचकहो, हे दोन्ही सूर वरवर भिन्न वाटले तरी त्यांत एक साम्य आहे. दोघांचीही दृष्टी पडलेल्या पुढाऱ्यावरच खिळलेली असते. जिला जखम झाली तिच्याकडे कोणीच पाहत नाही.

नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तो प्रसंग आठवा. त्याने राजाच्या विजयांपासून किंवा त्याच्या स्तोत्रांपासून आरंभ केला नाही. एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीपासून त्याने आरंभ केला. ज्याचे हिरावून घेतले गेले, त्याला त्याने आधी राजाच्या डोळ्यांपुढे उभे केले. दावीदाने पाप कबूल केले आणि त्याला क्षमाही मिळाली. परंतु म्हणून उरीया परत आला नाही, आणि दावीदाच्या घराण्यावर आलेले दुःखही टळले नाही.

पुढाऱ्याला लगेच पुन्हा व्यासपीठावर बसवावे असे सांगताना पेत्राचे उदाहरण दिले जाते. ते उदाहरण नीट पाहावे. पेत्राने ज्याला नाकारले, त्याच प्रभूने समुद्रकिनारी त्याला तीनदा प्रश्न विचारून पुन्हा सेवेत घेतले. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच तेथे क्षमा करीत होता. आपल्या मंडळ्यांत मात्र जखम एकीला होते आणि क्षमा भलतेच लोक जाहीर करतात. हा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसऱ्याचे कर्ज आपण आपल्या उदारपणाने माफ करू शकत नाही. जखमी व्यक्तीला, तू ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर, असे बजावणे म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवणे होय.

मग त्या तरुणाच्या प्रश्नाचे काय? ज्या प्रवचनांनी माझा विश्वास वाढला, तीच अशा माणसाची होती, तर माझा विश्वासही खोटा का? मंडळीला हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमी छळात काही सेवकांनी भिऊन पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. अशा हातांनी दिलेल्या संस्कारांना अर्थ आहे काय, यावरून उत्तर आफ्रिकेतील मंडळी दुभंगली. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने उत्तर दिले की, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे. तुमचा विश्वासही वक्त्यावर नसून ख्रिस्तावर असेल, तर वक्ता पडल्याने तो पडत नाही. पण या सत्याचा आडोसा करून वक्त्याचे पाप लपवू नये.

क्षमा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पश्चात्ताप करणाऱ्याला देवाच्या दारी जागा आहेच. परंतु व्यासपीठ हा कोणाचा हक्क नव्हे, तो विश्वासाने सोपविलेला ठेवा आहे. वडिलांवरील आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून मानू नये, असे पौल तीमथ्याला लिहितो. आणि लगेच पुढे, पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा, असेही लिहितो. आपण मात्र पहिले वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो.

तेव्हा तुमच्या मंडळीत कोणी अशी तक्रार घेऊन आली, तर क्षमेचा शब्द उच्चारण्याआधी तिचे ऐकून घ्या. पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि ते न कळविणे हा गुन्हा आहे. देवाच्या घराची अब्रू सत्य दडपून राखता येत नाही.

आणि पडलेल्या पाळकालाही टाकून देऊ नका. त्याच्या घरी जा. त्याच्या पत्नीची विचारपूस करा, मुलांची फी भरली गेली की नाही ते पाहा. उपासनेत त्याच्या शेजारी बाकावर बसा, त्याच्यासाठी आणि त्याच्यासह प्रार्थना करा. व्यासपीठाच्या किल्ल्या मात्र त्याच्या हाती देऊ नका. कृपा त्याला बाकावरही भेटेल.