हवा आणि मत

निवडणूक जवळ आली की आमच्या खारघरात उमेदवार कसा आहे, हे फारसे कोणी विचारीत नाही, ‘हवा कोणाची?’ एवढेच विचारतात. २०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानापूर्वी, उत्सव चौकात दोन पक्षांचे समर्थक असेच हुज्जत घालीत होते. एकाने मला बजावले, “मास्तर, तुमचा माणूस भला आहे, पण पडणार. मत फुकट कशाला घालवता?”

हवा फसवते, हे मला ठाऊक होते. त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा देऊ केल्या होत्या. ४ जूनला मिळाल्या २९३. तरीही मी हवेबरोबर गेलो. बटण दाबले आणि मन खाऊ लागले.

समजा, चाचण्या अचूक ठरल्या असत्या, तर मी निर्दोष ठरलो असतो काय? नाही. मत ही शर्यतीवरची पैज नव्हे, साक्ष आहे. न्यायाधीशाचा कल पाहून जबानी फिरविणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. पडलेल्या उमेदवाराची मतेही मोजली जातात. सगळा गाव आपला नाही, हे ती विजेत्याला सांगतात. फुकट गेले ते माझे मत: माझ्या हाताने दिलेले, पण माझे नसलेले.