तो सोबत्यांमध्यें असेल

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत एका सणाच्या गर्दीची हकीकत आहे, ती आपण सर्वांनीं ऐकली आहे. वल्हांडण आटोपून योसेफ व मरीया यरुशलेमेहून परत निघालीं. येशू मागें राहिला, आणि एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत तें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. त्यांची मुलावर माया नव्हती काय? होती. तो सोबत्यांमध्यें असेल, एवढेंच त्यांनीं धरून चालविलें. आप्तांचा व ओळखीच्यांचा मेळा मोठा, म्हणूनच शोध उशिरां सुरू झाला. दोघेंच चालत असतीं तर पहिल्या वळणावर त्यांनीं मागें पाहिलें असतें. मुलगा सांपडला तो तीन दिवसांनीं.

नाताळच्या सुट्टींत वर्धा, सिंदी, हिंगणघाट येथून कुटुंबें आगगाडीनें नागपुरास महाराजबागेंतील प्राणिसंग्रहालय पाहावयास जातात. भोसल्यांच्या त्या जुन्या बागेंत तें 1894 सालीं सुरू झालें. त्याची व्यवस्था डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. 26 जानेवारी 2021 रोजीं गोरेवाड्याचें मोठें उद्यान उघडलें, तेथेंही लोक जातात. (आमच्या सेलू तालुक्यांत बोरच्या अरण्यास 2014 सालीं व्याघ्रप्रकल्प केलें असतां, वाघ पाहण्यास नागपूर गांठावें ह्याचें नवल वाटतें. पण रानांतला वाघ तिकिटाला बांधलेला नसतो.)

अशा मंडळींत दोन वर्षांचें एखादें लेंकरूं असतें आणि मोठीं माणसें सहासात. आई समजते, बाळ आजीजवळ आहे. आजी समजते, काकांच्या खांद्यावर आहे. काका तर शेंगा घ्यावयास गेलेले. येशू बारा वर्षांचा होता, गुरुजनांशीं बोलूं शकत होता. आमच्या बाळास बापाचें नांव विचारलें तर तें "बाबा" म्हणून सांगेल, आणि त्या नांवाचे त्या गर्दींत शेंकडों निघतील.

"सगळेजण बाळाकडे पाहा" असें सांगणें म्हणजे कोणासच न सांगणें होय. एकाचें नांव घेऊन बाळ त्याच्या स्वाधीन करावें, आणि दुसऱ्याकडे देतांना "आतां तुझ्याकडे" असें मोठ्यानें म्हणावें. घेणाऱ्यानें "हो" म्हटल्यावांचून हात सोडूं नये. बापाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशांत शिवावा. बाळ दिसेनासें झालेंच, तर सर्वांनीं चहूंकडे धांवूं नये: एकानें जागेवर थांबावें, एकानें दरवाजा गांठून पहारेकऱ्यास सांगावें. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे. शब्बाथशाळेचीं मुलें नेणाऱ्या उपदेशक बंधूंनीं हें विशेष ध्यानीं घ्यावें. वर्ग जितका मोठा, तितकें "असेल कोणाबरोबर" म्हणणें सोपें.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोलावीशी वाटते. गर्दींत बाळास मोठ्यांचे गुडघेच दिसतात. वाघापुढें त्याला ओढून "पाहा, पाहा" म्हणावें, तर तें शेंगांचीं टरफलें उचलणाऱ्या कावळ्याकडेच पाहत असतें. त्यावर रागावणारे मायबाप आहेत; तिकिटाचे पैसे वायां गेले असें त्यांस वाटतें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत देवानें पशुपक्षी आदामापुढें आणिले आणि तो त्यांस काय नांव देतो हें पाहिलें. घाई केली नाहीं. बाळ हरणाला बकरी म्हणालें तर म्हणूं द्यावें. मात्र त्याच्या हातून शेंगा पिंजऱ्यांत टाकवूं नयेत; संग्रहालयांतील प्राण्यांस खाऊ घालणें व चिडविणें वन्यजीवांच्या 1972 च्या कायद्यानें मना आहे. कठड्यावर तर बाळास बसवूंच नये.

कावळ्यापाशीं त्यास पाव घटका बसावेंसें वाटलें, तर बसूं द्यावें. बाकीचीं वाघ पाहावयास पुढें जावोत. जातांना बाळापाशीं कोण थांबलें हें नांवानिशीं विचारून जावोत.