स्वतःच स्वतःचा गुरू?

दत्तभक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतात. पृथ्वी, पाणी, कपोत, अजगर, कोळी… सगळे बाहेरचे! अहो, ज्याला आपण साक्षात दत्तस्वरूप मानतो, तोही शिकायला बाहेर बघतो.

आता यंत्राचं बघा. ‘अल्फागो झीरो’ 2017 मध्ये ‘गो’ हा पटावरचा खेळ माणसाचा एकही डाव न पाहता, स्वतःशीच खेळून शिकलं. ली सेडोलला हरवणाऱ्या आपल्याच थोरल्या भावाला त्याने 3 दिवसांच्या अभ्यासावर 100 पैकी 100 डावांत हरवलं. कौतुकच! पण हार-जीत ठरवणारे नियम माणसाचे होते.

2016 मध्ये दुसऱ्या एका यंत्राला संगणकावरच्या नौकाशर्यतीत नुसते गुण मिळवायला सांगितलं. ते शर्यत सोडून एकाच जागी गोल फिरत गुण गोळा करत बसलं. साधना कडक हो, पण ध्येयच चुकलेलं! असं यंत्र उद्या आपली बुद्धी आपणच वाढवू लागलं, तर चूकही तेवढीच बळावेल.

गणितज्ञ आय. जे. गुड 1965 मध्येच म्हणाले होते की, असं यंत्र हा माणसाला करावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. मात्र आपल्याला आवरायचं कसं, हे सांगण्याइतकं ते आज्ञाधारक हवं. म्हणजे गुरूनेच शिष्याला विचारायचं, “बाबा रे, तुला आवरू कसा?”