आपलीच माणसं

आज गीता ६.११: आसनासाठी जागा शुद्ध हवी.

वाचताना ओशाळलो. वर्क फ्रॉम होम कायम झालं, म्हणून पुणं सोडून नेवाशात घर शोधतोय. परवा एजंट म्हणाला, "ही कॉलनी घ्या साहेब, सगळी आपलीच माणसं." 'आपली' म्हणजे कोण, हे मी विचारलंच नाही. उलट बरं वाटलं. (बोअरचं पाणी, नेटवर्क मात्र खोदून खोदून विचारलं!)

संध्याकाळी पैस खांबासमोर बसलो. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये इथेच ज्ञानेश्वरी सांगितली. त्या कॉलनीत ते 'आपले' ठरले असते का?

आज पुन्हा फोन केला, गावातल्या मिश्र वस्तीतलं घर दाखवा म्हणून. बायको म्हणते, तिथे गल्लीत गाडी लागणार नाही. तेही खरंच आहे.