पडदा कोणी पाडायचा?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. बहुतेक लोक शेतकरी आणि साखर कारखान्यातील कामगार. २०२२ च्या ऑगस्टात या गावाने ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि त्यानंतर साडेआठपर्यंत कोणत्याही घरात टीव्ही वा मोबाईल सुरू राहणार नाही. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली होती. शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातून तो सुटेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा काही पुरुषमंडळी हसली. महिलांनी मात्र ती उचलून धरली. पुढे आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले व भोंग्याचा शब्द गावाने मानला.

ही हकीकत आम्ही प्रवचनांत अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी तिचे तात्पर्य एकच काढले आहे: संयम पाळा, आईबापांनो, मुलांना आवरा. अशाच एका मिस्सानंतर एक माता आम्हांस भेटावयास आली. ती म्हणाली, "फादर, तुम्ही सांगता ते खरं आहे. पण मी दिवसभर द्राक्षाच्या बागेत असते. पोराचा अभ्यास त्याच फोनवर येतो. अभ्यास संपला की आपोआप दुसरं काहीतरी सुरू होतं, आणि ते संपतच नाही. तुम्ही रागावता ते मलाच. ते सुरू करणाऱ्यांना कोण विचारणार?" आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. तिचा प्रश्न टाळून पुन्हा तेच प्रवचन करणे आमच्या मनास पटेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथील माणसाला करमणुकीचे वावडे कधीच नव्हते. परंतु नाटक कितीही रंगले तरी अखेर पडदा पडतो. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते, सिनेमा सुटतो, पूर्वी रात्री दूरदर्शनचे प्रसारणही बंद होत असे. करमणुकीला शेवट होता, म्हणून प्रेक्षक उठून घरी जात असे. हा शेवट आपोआप नाहीसा झालेला नाही. तो काढून टाकण्याचे निर्णय माणसांनी घेतले आहेत. बोटाने पान वर सारीत राहावे आणि ते कधीच संपू नये, ही रचना २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने केली. पुढे त्याने त्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. एक भाग संपताच विचारल्यावाचून दुसरा सुरू व्हावा, हीही अशीच योजना. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते.

पैशाचा हिशेबही पाहू. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. आरंभी काही महिने डेटा फुकट मिळाला. इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. सवय घरोघर रुजली. मग जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले, तेव्हा सामान्य ग्राहकाने जावे कोठे? शिवाय अनेक योजनांत डेटा रोजच्या मापाने मिळतो. त्या दिवशी वापरला नाही तर तो गेला. ज्या घरात शिळी भाकरीही वाया जाऊ देत नाहीत, त्या घराला ही व्यवस्था सांगते की, जपून वापराल तर नुकसान तुमचेच.

या साधनांनी उपकार केले नाहीत असे नव्हे. आखातात राबणाऱ्या मुलाचे तोंड आईला रोज दिसते. टाळेबंदीत चर्चची दारे बंद असता असंख्य कुटुंबांनी याच पडद्यावर मिस्सा ऐकली. म्हणून यंत्राला सैतान ठरविणे हा आळशीपणा होईल. प्रश्न यंत्राच्या रचनेचा आणि ती ठरविणाऱ्यांच्या हेतूचा आहे.

कंपन्या म्हणतील, "आम्ही कोणावर सक्ती करीत नाही, बंद करण्याचे बटण दिलेलेच आहे." या युक्तिवादात तथ्य आहे. मनुष्याला स्वतंत्र इच्छा आहे ही आपली श्रद्धा आहे, आणि स्वतःची जबाबदारी कोणाला झटकता येत नाही. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात एक साधा नियम आहे: कोणी खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर भरपाई खड्ड्याच्या धन्याने करावी. बैलाने पाहून चालावयास हवे होते, हा बचाव तेथे चालत नाही. मग जेथे पडणारे दहा वर्षांचे लेकरू आहे, तेथे तो कसा चालावा? प्रभू येशूनेही लहानग्यांना अडखळविणाऱ्यास सर्वांत कठोर शब्द ऐकविले आहेत.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी 'इंटर मिरिफिका' हा आदेश प्रसिद्ध केला. त्यात प्रेक्षकांची कर्तव्ये आहेत, आईवडिलांचीही आहेत. परंतु मुख्य नैतिक जबाबदारी निर्माते, वितरक, विक्रेते अशा माध्यमे चालविणाऱ्यांवर ठेवली आहे. आम्ही सेमिनरीत हा आदेश अभ्यासला, आणि व्यासपीठावरून मात्र त्याचा अर्धाच भाग सांगत आलो. आपल्या देशातही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसविणाऱ्या तेरा प्रकारच्या रचनांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्गणी सहज भरता यावी पण ती बंद करण्याची वाट सापडू नये, हा त्यांपैकीच एक प्रकार. असा अनुभव आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणे हेही नागरिकाचे, आणि म्हणून ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य होय.

तोवर घरांनी काय करावे? शब्बाथाची आज्ञा एकट्यासाठी नव्हती. मुलगा, मुलगी, दास, दासी, इतकेच नव्हे तर बैलही त्या दिवशी विसावा घेई. कारण सर्व जग धावत असता एकट्याने थांबणे ही शिक्षा वाटते. सर्वांनी मिळून थांबणे हा विसावा असतो. वडगावचे मर्म येथे आहे. शेजारच्या भिंतीपलीकडे मालिका चालू असता एका आईने मुलाला पुस्तकाशी बसविणे कठीण. सारे गाव शांत झाले की तेच काम सोपे होते. सातारा जिल्ह्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले, तेही असेच: पुस्तके एका कपाटात न राहता अनेक घरांत पोहोचली. चांगली सवय लागावयास भोवतालही चांगला लागतो.

आपल्या घरी भोंगा नाही, पण संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा आपल्या परंपरेत आहेच. शेजारची चार कुटुंबे एकत्र येऊन तासभर सर्व पडदे पाडू शकतील, जपमाळ म्हणू शकतील, एकमेकांच्या मुलांचा अभ्यास घेऊ शकतील. त्या तासात धर्मगुरूच्या घरातला फोनही बंद असावा, हे आम्ही स्वतःस बजावीत आहोत.

आणि ती माता पुन्हा भेटली तर आम्ही तिला म्हणू, "बाई, तुझा प्रश्न रास्त होता. तुझ्या वाट्याचे तू कर; त्यांना विचारण्याचे काम तुझ्या एकटीचे नाही. ते आम्हा सर्वांचे आहे."